मामांच्या खाचरातला वायू

स्वतःच्या शेतावर पोलिसासारखी पाळत ठेवणारा शेतकरी मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथे त्यांची भाताची चार खाचरं. नव्वदच्या दशकात पुण्याहून एक संशोधक बाई जीपमधून आल्या. मामांची खाचरं रस्त्याला लागून, म्हणून तिथेच त्यांनी एक पारदर्शक पेटी उपडी घातली आणि इंजेक्शनच्या सुईने तिच्यातली हवा ओढून बाटल्यांत भरली. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात मिथेन नावाचा वायू तयार होतो, तो वर जातो आणि सगळ्या जगाची हवा तापवतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. गाव दोन दिवस हसलं. ‘मामांचं रान पादतंय’ ही बातमी जुन्नरच्या बाजारापर्यंत पोचली. मामा मात्र हसले नाहीत. आपलं पोर बाहेर काय उद्योग करतं हे परक्याच्या तोंडून ऐकावं लागलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला.

बाईंनी त्यांना एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी दहा वाजता खाचरातल्या पाण्याची खोली मोजायची आणि वहीत लिहायची. तीन हंगाम झाले, बाईंचं संशोधन संपलं, पेटी गेली, जीप गेली. ‘आता थांबा’ एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं, त्यामुळे मामा थांबले नाहीत. पेटी नव्हती म्हणून त्यांनी स्वतःचं शास्त्र काढलं. ठरलेल्या जागी चिखलात एकदा पाय दाबायचा आणि वर येणारे बुडबुडे मोजायचे. साऱ्या शिवारात किती खाचरं लावली, तेही वहीच्या शेवटच्या पानावर दरवर्षी लिहायचं. भातात पाणी असेतो सकाळी दहाला त्यांना कुठल्याही कार्याला नेणं अशक्य होतं. आमच्या निरगुडसरला माझ्या मुलीच्या बारशाला ते पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता आणि पंगती उठत होत्या. आल्या आल्या माझ्या उसाकडे कीव करत बघून म्हणाले, “पावणं, तुमचं रान कोरडं. याच्या पोटात काय चाललंय ते कळायचं कसं?” जेवण झाल्यावर त्यांना ढेकर आला तर ओशाळून आभाळाकडे बघितलं. “रानाचा वायू लिवताय, अन् तुमचा कोण लिवणार?” मामींनी तिथेच विचारलं. मामा या प्रश्नावर खरोखरच विचार करू लागले, याची मला जास्त धास्ती वाटली.

मग एका वर्षी त्यांना बाईंचं एक वाक्य आठवलं. हंगामाच्या मध्यात काही दिवस पाणी काढून टाकलं तर वायू कमी होतो. मामांनी भर पावसात बांध फोडला. पाणी निघालं ते थेट खालच्या अंगाला चुलतभावाच्या खाचरात घुसलं आणि त्याची उशिरा, नुकतीच लावलेली रोपं घेऊन ओढ्याला गेलं. चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला. “दादा, वायू कमी झाला का न्हाई ते तुमच्या वहीला ठावं, माजी रोपं मातुर लई कमी झाली.” मामांनी आपल्या वाफ्यातली उरलेली रोपं उपटून त्याच्या खाचरात नेली आणि दोन दिवस वाकून स्वतः आवणी केली. पुढच्या वर्षीपासून पाणी सोडण्यापूर्वी ते चुलतभावाला विचारू लागले. तो नाही म्हणायचा. हे ते वहीत ‘परवानगी न्हाई’ असं लिहीत.

दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर एक तरुण संशोधक गावात आला. त्याला जुन्या नोंदी हव्या होत्या. मामांनी इस्त्रीचा सदरा घालून दहा-बारा वह्या त्याच्यापुढे मांडल्या. त्या दिवशी मी तिथेच होतो. बुडबुड्यांचा काही उपयोग नाही, हे त्याने फार हळुवारपणे सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. “पण सर, वायू वर्साला कमी कमी व्हत आलाय, ते तरी खरं ना?” तो तरुण वह्यांची शेवटची पानं उलटत राहिला आणि म्हणाला, “हो बाबा, या शिवारातला कमीच झाला असणार. पण ही बघा ना तुमचीच नोंद. निम्म्याच्या वर खाचरं आता कुणी लावतच नाही.”

मामांनी वही जवळ ओढली. आकडे त्यांच्याच हातचे होते, पण ते सलग कधी वाचले नव्हते. कोण चाकणला कारखान्यात गेला, कोण पुण्याला. चुलतभावालाही मुलांनी दोन वर्षांपूर्वी भोसरीला नेलं होतं. “म्हंजी वायू न्हाई,” मामा म्हणाले, “मानसं कमी झाली.”

संशोधकाने पाण्याच्या खोलीच्या नोंदी तेवढ्या उतरवून घेतल्या, चहा घेतला, मामांच्या पाया पडला आणि गेला.

पुढच्या पावसाळ्यात गेलो तर सत्तरी ओलांडलेले मामा चुलतभावाच्या पडीक खाचरात गुडघाभर चिखलात उभे. फोन करून त्याला विचारलं होतं म्हणे. या वेळी तो नाही म्हणाला नव्हता, नुसता रडला होता.

“मामा, अहो वायू वाढेल की!” मी रस्त्यावरून ओरडलो.

“वाढू द्या की वाईच,” ते मान वर न करता म्हणाले.

मामी बांधावरून रोपांच्या जुड्या टाकत होत्या. एकट्या माणसाला ते खाचर चार दिवसांतही उरकलं नसतं. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत उतरलो.