लाल हेलर

डार्मश्टाटहून आम्ही सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या रुमालात एक नाणं गुंडाळलेलं होतं, आणि ते हेर ब्रांट यांना कधी एकदा दाखवते असं मला झालं होतं. हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांट हे माझ्या लेकीचे, मृणालचे, घरमालक. वय अठ्ठ्याहत्तर, एकटेच राहतात. युरो येऊन दोन वर्षं झाली तरी पावाची किंमत मनात मार्कांत करून बघणार आणि मान हलवणार. त्यांचं जन्मगाव श्वेबिश हाल. ‘हेलर’ या जुन्या नाण्याचं नाव याच गावावरून पडलं, हे आठवडाभर मला ऐकवून झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना तिकडे न्यायचंच ठरवलं.

आदल्या दिवशी त्यांनी स्वतःजवळचा एक हेलर माझ्या हातावर ठेवला. तांब्याचा, पण काळपटलेला. मुकुट आणि सिंह जेमतेम कळत होते. “त्यांच्या आईचा आहे, जपून ठेव,” मृणालने बजावलं. मला का हे सांगायला हवं? शुक्रवार होता. देवाचं ताम्हन घासायला चिंच भिजत घातलेलीच होती. कुणाच्या आईची वस्तू देवाजवळ ठेवायची, ती पारोशी कशी ठेवणार? चिंच आणि मीठ लावून हलक्या हाताने घासलं. हेलर असा लखलखीत निघाला की माझी मीच खूश झाले.

गाडी दोनदा बदलावी लागली. वाटेत द्राक्षांचे मळे लागले. आमच्या नाशिककडच्यासारखेच, पण चक्क डोंगरउतारावर. तिथे उभं राहून छाटणी कशी करत असतील, या विचारात माझं निम्मं अंतर गेलं.

हाल हे कोखर नदीकाठचं, मिठावर मोठं झालेलं गाव. तिथल्या एका छोट्या संग्रहालयात काचेमागे जुने हेलर मांडले होते. माशाच्या खवल्याएवढे, चांदीचे. एका बाजूला उघडा पंजा, दुसऱ्या बाजूला क्रूस. हेर ब्रांट जर्मनमध्ये सांगत होते आणि मृणाल मला मराठीत.

“आल्झो (तर), इथली टांकसाळ हे पाडायची. ते सगळीकडे चालायला लागले, मग बाकीच्या गावांनीही पाडायला घेतले. नाव मात्र हालचंच राहिलं. चांदी कमी कमी होत गेली आणि शेवटी नुसतं तांबं उरलं. म्हणून रोटर हेलर (लाल हेलर). जवळ लाल हेलरही नाही म्हणजे काहीच नाही.”

“म्हणजे आपली फुटकी कवडी!” मी म्हणाले.

कवडी काय असते ते हेर ब्रांटना समजावून सांगावं लागलं. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

जेवायला चक्क मसूर मिळाले. सोबत श्पेट्झले (कणकेच्या ओबडधोबड, जाडसर शेवया). वरचे सॉसेज हेर ब्रांटनी आनंदाने आपल्या ताटात घेतले. जेवून आम्ही चर्चच्या रुंद पायऱ्यांवर जाऊन बसलो. हेलर द्यायला हीच जागा बरी, असं मी सकाळपासून योजलं होतं.

तेवढ्यात तेच बोलू लागले. युद्धानंतर कामाच्या शोधात त्यांनी गाव सोडलं, तेव्हा घरात खरोखर काही उरलं नव्हतं. आईने एप्रनच्या खिशातून तो हेलर काढून दिला. म्हणाली, “माझ्या मुलाजवळ लाल हेलरही नाही, असं आता कुणी म्हणणार नाही.” तो तिच्या खिशात वर्षानुवर्षं होता. ती गेली, तिचा एक फोटोसुद्धा त्यांच्याकडे नाही.

“ते म्हणतायत, त्या काळ्या रंगात तिचा अंगठा आहे,” मृणाल म्हणाली.

आणि त्यांनी हात पुढे केला.

मी रुमाल सोडला. हेलर उन्हात चमकला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

“आई, काय केलंस हे!”

“अगं, देवाजवळ ठेवायचा म्हणून... आपल्याकडे ज्याचा मान ठेवायचा ते घासूनच ठेवतात ना गं. सांग ना त्यांना.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मृणालने सांगितलं. ते “या, या” (जर्मनमध्ये ‘हो, हो’) म्हणाले आणि नदीकडे बघत राहिले. परतीच्या गाडीतही खिडकीकडे तोंड करून बसले. मी दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली.

घराच्या दारात मात्र थांबले. खिशातून हेलर काढून त्यांनी तो माझ्याच तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

“तांबं हाताळत राहिलं की पुन्हा काळं होतं, म्हणतायत,” मृणालने सांगितलं. “पण आता त्यांचा एकट्याचा हात पुरणार नाही. तू हात लाव म्हणतायत. पुढच्या वर्षी येशील तेव्हा परत आण.”

नाशिकला आल्यावर तो मी देव्हाऱ्यात ठेवला नाही. शुक्रवार आला की माझा हात आपोआप चिंचेकडे जातो, माझा मलाच भरवसा नाही. बटव्यात ठेवलाय. बँकेच्या रांगेत, दूध तापत असताना, काढते आणि अंगठा फिरवत बसते. कडेने जरा तपकिरी झालाय, सिंह मात्र अजून लालच आहे.

परवा मृणालचा फोन आला होता. हेर ब्रांट हल्ली पाव आणायला कोपऱ्यापर्यंत जातानाही मध्ये दोनदा थांबतात म्हणाली. तेव्हापासून अंगठा जरा घाईनेच फिरतो.