गाडीतली भट्टी

रॉकेलचा वास, त्यात मिसळलेला स्पिरिटचा थंड, झोंबरा दर्प, मग अंगठ्याखाली 'खट्' असा एक कोरडा आवाज, आणि पाठोपाठ फुललेली निळी ज्योत. माझ्या तरुणपणाची सकाळ म्हणून मला अजूनही हेच आठवतं. इतरांना आठवणींत मोगरा गवसतो, प्राजक्त गवसतो. माझ्या वाट्याला रॉकेल आलं. तक्रार नाही. सुगंधाने नुसतं मन भरतं, पण त्या ज्योतीवर चढवलेल्या पातेल्यात काचेच्या सिरिंजा किणकिणू लागल्या, की आज आपल्या हातून कुणाचं तरी भलं होणार आहे असा एक प्रसन्न विश्वास वाटायचा. तो विश्वास किती पोकळ असू शकतो, हे तुम्हांला आज सांगायला बसले आहे.

मी फिरत्या दवाखान्यात नर्स होते. दवाखान्याचं मूळ ठाणं गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. आणि गाडी म्हणजे महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली एक अवाढव्य रुग्णवाहिका. परळ-लालबागच्या चाळींतल्या क्षयाच्या रोग्यांना एक दिवसाआड सुई देत आम्ही तिच्यातून हिंडायचो. आत बाक, औषधांचं कपाट आणि कोपऱ्यात खिळवून बसवलेली एक छोटी भट्टी. हलत्या गाडीत काडी ओढावी लागू नये म्हणून तिच्या तोंडाशी चकमकीचं दातेरी चाक आणि त्याखाली केसाएवढ्या भोकाचा पितळी निपल, असे दोन्ही एकाच बैठकीत बसवलेले होते. शेजारी स्पिरिटच्या बाटल्या असत, म्हणून दुसरा कुठलाही स्टोव्ह गाडीत आणायला डॉक्टरांची सक्त मनाई होती.

गाडी आणि भट्टी दोन्हींचा खरा धनी गंगाराम, आमचा ड्रायव्हर. मितभाषी, उंच, हाताला कायम ग्रीसचा वास. लालबागच्या एका चाळीत तो आईसह राहायचा, आणि त्याची आई सगुणाबाई आमच्याच पाच जणांच्या यादीतली शेवटची रोगी होती. शेवटची, कारण डॉक्टरांनी यादी वयाने लावली होती, लहानगे आधी आणि म्हातारे मागाहून. आधीचे चार गाडीपाशी येत. तिला जिना उतरवत नसे, म्हणून मीच वर जाऊन गॅलरीतल्या बाकावर तिला सुई देत असे. ती दर वेळी दारातून चहाचा कप पुढे करायची. मी दर वेळी म्हणायचे, "आत्ताच झाला हो." आत्ताच झालेला नसायचा.

त्या वर्षी दसऱ्याला गंगाराम नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला गेला. दवाखान्याला सुट्टी होती. खंडेनवमीच्या सकाळी गिरगावात घरोघरी अडकित्ते, विळ्या, शिवणयंत्रं धुऊनपुसून पाटावर मांडली होती. मला आमची भट्टी आठवली. रोज आपलं काम निमूटपणे करणारी ती, तिची पूजा कुणी करायची? मी तबक घेऊन गाडीत चढले. हळद-कुंकू पाण्यात कालवून चांगलं ठसठशीत बोट ओढलं, नेमकं तिच्या तोंडावर. वर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, मनापासून हात जोडले. भक्ती खरी होती. पण खऱ्या भक्तीने केसाएवढं भोक बुजत नाही, असं थोडंच आहे?

सुट्टी संपली. गाडी निघायच्या आधी मी चाक फिरवलं. खट् झालं, ज्योत नाही. कुंकवाचा लगदा आत वाळून दगड झाला होता. मी अंबाड्यातला आकडा काढून निपलात खुपसला. भोक मोकळं झालं, पण रुंदही झालं, आणि रॉकेल पिचकारीसारखं बाहेर आलं. घाईघाईने चाक उलटं ओढलं, तर त्याचे दोन दातेच तुटले. करायला गेले गणपती, झाला मारुती. तेवढ्यात नागपूरहून परतलेला गंगाराम आला. त्याने वाकून पाहिलं, नखाने लाल कण खरवडला आणि विचारलं, "बाई, पूजा केलेली का?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आम्ही ते सगळं सोडून आलो आता. हिला चिंधी नि रॉकेल पुरतं, बाई." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून माझा शोध सुरू झाला. गाडीच्या वाट्याला सिरिंजा चारच होत्या; त्या सकाळी दवाखान्यातून उकळून घ्यायच्या, पहिल्या चार रोग्यांना संपायच्या, आणि लालबागला पोहोचेपर्यंत माझ्या हाती एकही शुद्ध सुई नसायची. सगुणाबाईला मी गॅलरीतून सांगायचे, "पुढच्या खेपेला भट्टी होईल, मग देते." तिला आधी देऊ या, असं गंगाराम एकदाही म्हणाला नाही. स्वतःची आई पहिली करा, हे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? ते मी म्हणायचं होतं; पण माझं चित्त त्या पितळेच्या तुकड्यात अडकलं होतं. दुपारी काम उरकलं की मोडका भाग रुमालात बांधून मी बाजार पालथे घालायचे. लोहार चाळीत निपलांच्या राशी होत्या, पण आटे जुळत नव्हते. चोरबाजारात एका वृद्ध बोहरी दुकानदाराने तो भिंगाखाली धरला आणि हळहळून परत दिला. "बाई, लश्करी माल है. इसका भाई-बहन कोई नहीं रहा अब." भायखळ्याला जुन्या मोटारींचं सामान विकणाऱ्याने नुसती मान हलवली. शेवटी परळला एका गिरणीतला मालवणी फिटर भेटला. तो म्हणाला, "बाय, हेचे आटे उलटे आसत. करून देतंय, पण महिनो जातलो."

दिवस चळवळीचे होते. भिंतीभिंतीवर चुन्याने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं असे; मोर्चा निघाला की दुकानांच्या फळ्या पडत आणि माझा शोध एक दिवस पुढे जाई. मीही सभांना जात होते. मराठी बोलणारी सारी माणसं एका छपराखाली यावीत, ही घोषणा मी घसा बसेपर्यंत दिली आहे, आणि ती देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आहे. ते पाणी खोटं नव्हतं. पण माणसाचं अंतःकरण किती कप्प्यांचं असतं, आणि एका कप्प्यातला दिवा दुसऱ्यात किती थोडा पोहोचतो!

नवव्या दिवशी मी जिना चढले, तेव्हा सगुणाबाई बाकावर नव्हती. आत चटईवर पडली होती. ताप उलटला होता, उशाशी ठेवलेल्या फडक्यावर रक्त होतं. मी उंबऱ्यापाशी उभी राहून पुन्हा तेच सांगितलं, भट्टी, आटे, परळचा फिटर. ती ऐकत होती. मग कोपराचा आधार घेऊन थोडी उठली आणि चाचरत म्हणाली, "बाई, रागावू नगा. आमच्या चुलीवरचं पानी चालंल का तुमच्या सुईला?"

तिच्या मागे, माझ्यापासून चार पावलांवर, चूल पेटलेली होती. दर खेपेला त्या वेळी पेटलेलीच असायची. चहा तिथूनच यायचा. आगीच्या एका ठिणगीसाठी मी नऊ दिवस अर्धी मुंबई तुडवली, आणि हा धगधगता विस्तव मला दिसला नाही. दिसला नाही हे तरी खरं का? की दिसत होता, पण तो उंबऱ्याच्या पलीकडे होता? मी शिकलेली होते, शिवाशीव मानत नाही असं चारचौघांत सांगणारी होते. तरीही डोळे शिकायचे राहून गेले होते.

मी चपला काढून आत गेले. खाली गाडीपाशी थांबलेल्या गंगारामला हाक मारली; त्याने वर येऊन पितळी पातेलं राखेने लखलखीत घासलं. वीस मिनिटं पाणी खळखळलं, सिरिंज किणकिणली, आणि मी तिला सुई दिली. त्या दिवशी मी चहा घेतला. साखर जास्त होती.

त्यानंतर एकही सुई चुकली नाही. सगळ्या त्याच चुलीवर उकळल्या. पण सगुणाबाई सावरली नाही. फाल्गुनात ती गेली. मी डॉक्टरांना विचारलं, की त्या नऊ दिवसांनी घात केला का? त्यांनी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. गंगारामने मला कधीच काही विचारलं नाही. फिटरने बनवलेला भाग आला तेव्हा तो त्यानेच बसवला, चाक फिरवलं, पहिल्याच खटक्याला ज्योत आली, आणि तो हात पुसत खाली उतरला.

पुढे महाराष्ट्र झाला. गिरगावात रोषणाई झाली, मीही पणत्या लावल्या. गाडी भंगारात गेली, गंगाराम निवृत्त झाला. माझ्याकडे तो जुना निपल तेवढा उरला आहे. खंडेनवमीला मी घरातली हत्यारं मांडते, तेव्हा तोही पाटावर ठेवते. हळद-कुंकू मात्र त्याला लावत नाही. नाकाशी धरला तर अजून रॉकेलचा पुसटसा वास येतो, आणि त्या वासाबरोबर तिचा प्रश्न येतो. उत्तर मी त्या दिवशी लगेच दिलं होतं, चालेल म्हणून. पण मुळात तो प्रश्न तिने विचारायचा नव्हता. तो मी विचारायचा होता, पहिल्याच दिवशी, उंबरा ओलांडून: आई, तुमच्या चुलीवर थोडं पाणी ठेवू का?