रिकाम्या टोकाकडे जाणारा उजेड

फाटकाबाहेर खड्डा खणून दोन माणसं फायबरची जोडणी करत होती. मी पाणी घेऊन गेले, तर एकाच्या हातातल्या छोट्या पडद्यावर बारीक उभ्या रेघांची रांग दिसली, ओळीने समया लावाव्यात तशी.

"काकू, काचेची तार एकच, केसाएवढी," तो म्हणाला, "पण आतल्या उजेडाचे असे भाग पाडलेत. एक रेघ बँकेची, एक दवाखान्याची."

"आणि मध्ये जागा का सोडली?"

"सोडावीच लागते. नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळतं."

शेवटची रेघ साखर कारखान्याची होती. कारखाना बंद पडला, पलीकडचं यंत्रही काढून नेलं. इकडून उजेड मात्र जातोच आहे, कारण तो बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही.

ती रेघ दिवसभर डोळ्यांपुढून हलेना. शेजारच्यांइतकीच उंच, तितकीच स्थिर. टोकाला कुणी नाही हे तिच्याकडे बघून कुणाला कळणार?

यजमान होते तेव्हा एका छपराखाली आम्हीही असेच राहिलो, मध्ये जागा राखून. त्यांचा रेडिओ, माझं वाचन. भांडण कधी झालं नाही, याचं मला केवढं कौतुक होतं!

संध्याकाळी भाजीला निघाले. दार ओढताना रोजच्यासारखी आत बघून म्हणाले, "येते हो."

घरात मिसळायला आता दुसरं बोलणंच नव्हतं. तरी उत्तराएवढी जागा सोडून, मगच मी कुलूप लावलं.