मापाचा मसाला

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुंबईत कवळ्या बनवायचं काम शिकून मी नांदुऱ्याला मामाच्या दाताच्या दवाखान्यात लागलो. कवळीसाठी आधी हिरड्यांचं माप घ्यावं लागतं. त्याचा मसाला विटकरी रंगाच्या वड्यांमध्ये यायचा. वडी गरम पाण्यात मऊ करायची आणि तोंडात दाबून धरायची. गार होऊन घट्ट झाली की तिच्यावर ठसा उमटलेला असतो.

मुंबईत मसाला तपासल्याशिवाय कुणाच्या तोंडात जात नसे. बारीक रेघा कोरलेली पट्टी त्यावर दाबायची; एक जरी रेघ उमटली नाही तर माल बाद. इथे पट्टी कुठली? मी मामाच्या पातेल्यातल्या गोळ्यावर नवा पैसा दाबून पाहिला. अक्षरं पार फिसकटली. गोळा बोटांना चिकटला, आणि त्यात तंबाखूचा कण होता.

एकाचं माप झालं की मामा तोच मसाला उकळायचा आणि दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. पातेल्यातल्या पाण्याला पानाचा, विडीचा आणि किडक्या दातांचा मिळून असा काही वास सुटायचा की दुपारी घास घशाखाली उतरत नसे. हा मसाला नापास आहे, असं मी मामाला स्पष्ट सांगितलं. उकळल्यावर कसली आली घाण, म्हणून तो हसला.

मग एक दिवस जानेफळहून माय आली. तिचे सगळे दात गेले होते आणि कवळी भावाच्याच हातची हवी होती. दुसऱ्याने तोंड लावलेल्या पेल्यातलं पाणी ती जन्मात प्यायली नव्हती, हे मामाला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. तरी त्याने सवयीने चिमट्यात तोच गोळा उचलला.

"माय, तोंड मीट," मी म्हणालो. "उष्टं हाय ते. लोकाइच्या तोंडातलं."

मामाला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्याने शांतपणे कपाट उघडलं. आत नव्या वड्यांची खोकी थप्पी लावून ठेवली होती.

"तुह्यासाठी नवीन फोडतो ना बाई. तू तं घरची हायेस."

त्या गोळ्यापेक्षा मला त्या खोक्यांची जास्त किळस आली.

"मंग बाहीरच्या बायाइले काऊन नाही?" मायने विचारलं.

त्यांना काय कळतं, असं काहीतरी मामा पुटपुटला. माय खुर्चीवरून उठली. तिने त्या दिवशी माप दिलं नाही आणि पुढेही कधी कवळी बसवली नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बायांना तिने पातेल्यात काय आहे ते सांगितलं. त्यांच्यातली संग्रामपूरकडची एक म्हातारी सकाळीच माप देऊन एसटीची वाट बघत बसली होती. ती गटारीकडे धावली आणि ओकली. माय लोटा घेऊन तिच्या मागे गेली आणि पाणी ओतत राहिली. म्हातारी चुळांवर चुळा भरत होती. लोटा रिकामा झाला तरी तिची ओंजळ पुढेच होती.