अर्धी गोळी

शाळेत असताना मी घरी नीट झोपलेच नाही. आईला आवाज ऐकू यायचे आणि ते तिला बाहेर बोलवायचे. वडील ट्रकवर, द्वारका चौकातून गाडी भरून निघाले की आठ-आठ दिवस त्यांचा पत्ता नसे. म्हणून मी दारातच आडवी सतरंजी टाकून झोपायचे. आई मला ओलांडायला लागली की जाग यायची. जाग येणं हेच माझं काम होतं.

धावायलाही तिच्यामुळेच शिकले. ती एकदा चालत सुटली की तिला गाठणं सोपं नव्हतं. खेळाच्या सरांना वाटायचं, पोरीत उपजत दम आहे. असेल. सकाळी मैदानावर चार फेऱ्या झाल्या की मी दप्तरांच्या ढिगावर डोकं ठेवून झोपून जायचे. सर म्हणायचे, "ही बया पळायला येते का झोपायला?" पोरी हसायच्या, मीही हसायचे. खरं तर झोपायलाच यायचे.

नववीत क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती, देवळाली कॅम्पच्या बाजूला, सकाळी सातला. वयाच्या अटीमुळे माझी तीच शेवटची संधी. पदकाबिदकाशी मला देणंघेणं नव्हतं. मला तिथली खाट हवी होती. आईचं काय होईल याचा विचार मी केला नाही. खोटं कशाला बोलू, केला आणि सोडून दिला.

चाचणीआधी एक रात्र तरी झोप व्हावी, म्हणून मी आईच्या झोपेच्या गोळीला हात लावला. दवाखान्यातून गोळ्या मोजून मिळायच्या, जास्तीची नव्हती. मग एकच मोडली. अर्धी तिला वरणभातासोबत दिली, अर्धी मी घेतली. दोघी झोपू, असा माझा हिशोब.

डोळे उघडले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई उशाशी बसली होती. अर्ध्या गोळीने तिला झोप लागलीच नव्हती.

"मोबाइलचा गजर दोनदा बोंबलला," ती म्हणाली. "मी बंद केला. तुला एवढी गाढ झोपलेली कधी बघितलीच नव्हती गं. त्या आवाजांनी लय बोलावलं मला. मी नाय गेले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. अंग कधी नव्हे इतकं हलकं झालं होतं आणि जायला कुठे उरलं नव्हतं. आईचे डोळे जागरणाने लाल झाले होते, पण चेहऱ्यावर मोठं काम पार पाडल्याचं समाधान होतं.

"झाली ना झोप?" तिने विचारलं.

मी म्हटलं, झाली.