ग्रीसच्या खाली

सन दोन हजार पंचवीस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, चौथी पास, आणि त्या सकाळी जबलपूरला विजय नगरच्या घरासमोर खुर्ची टाकून चहा पीत होतो. कप उजव्या हातात. डाव्या हाताची बोटं गेल्या दिवाळीपासून बधिर आहेत, पण ते कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीनं विचारलं की ‘वय झालं’ म्हणून तिला गप्प करायचो. तेवढ्यात वामनच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेले...”

वामन माझा फॅक्टरीतला दोस्त. मी लेथवर, तो तपासणीवर. पुर्जा ग्रीस लावून त्याच्या टेबलावर जायचा. तो आधी अंगठ्यानं ग्रीस पुसायचा, मगच माप तपासायला गेज लावायचा. मी चिडायचो, “अबे, माझ्या हातचा आहे, तसाच घे ना!” तो म्हणे, “देवराव, ग्रीसच्या खाली पाहावं लागते.” माझे किती पुर्जे त्यानं परत पाठवले असतील! पण त्यानं पास केल्याशिवाय मला माझंच काम पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही.

रिटायर झाल्यावर त्याच्या सुनेनं त्याला मुडद्यांची मालिका लावून दिली. विलायती, पण बोलणं हिंदीत. मेलेली माणसं उठतात, जित्यांना चावतात, ज्याला चावलं तो मरून परत उठतो. दर रविवारी दुपारी मी ऑटोनं त्याच्याकडे जायचो. वर्षानुवर्षं चालली ती. संपली तेव्हा म्हटलं, चलो, सुटलो. तर त्या लोकांनी त्यातलीच दोन माणसं उचलून दुसऱ्या शहरात नेली आणि मालिकेला एक पिल्लू काढलं. वामन खूश! आतून वहिनी ओरडायच्या, “त्या मुडद्यांपायी जित्या माणसांचा चहा थंड होऊन राहिला!”

मला ते पिल्लू पटलं नाही. मी म्हटलं, “हे तर तेच आहे, वामन. तीच फाटकाची वस्ती, तोच गोड बोलणारा मुखिया, आणि दोन भाग झाले की तोच राक्षस. बंदूक ऐन वेळी रिकामी. अन् चावा बाहीखाली लपवून ‘मैं ठीक हूँ’ म्हणणारा एक जण तर ठरलेलाच.”

“आपण जिंदगीभर काय केलं बे? तोच पुर्जा,” वामन म्हणाला. “पण गेज प्रत्येकाला लागत होता का नाही? हा मुखिया पाह्य. मागचा क्रूर होता, हा भित्रा आहे. भित्रा आहे म्हणून मारून राहिला. वेगळा पीस आहे हा.”

मी पाहिलं. खरंच भित्रा होता. जुन्या मालाला कंटाळायचं नाही, त्याच्यावरही तेवढीच नजर ठेवायची... हे मी त्याच्याकडून म्हातारपणी शिकलो, आणि ते कबूल करायला मला लाज नाही. फक्त त्या बाहीवाल्यावर त्याची दया नव्हती. तो दिसला की वामन पुढं सरकायचा. “हा लपवून राहिला!” आणि मग पडद्यावरच्या माणसाला शिव्या. “सांगून टाक ना, मुडद्या! हात गेला तरी जीव वाचते.”

यंदाच्या मे महिन्यात, जबलपूरच्या त्या भट्टीसारख्या उन्हात, वामन पूर्ण बाहीचा शर्ट घालून बसू लागला. मनगटापर्यंत गुंड्या लावून. मी म्हटलं, “काहून बे, वरातीत चालला का?”

“अंगात थंडी आहे जराशी.”

मी हसलो आणि पडद्याकडे वळलो.

पावसाळ्यात तो चक्कर येऊन पडला, तेव्हा दवाखान्यात बाही कापावी लागली. दंडावर गाठ. आतवर पसरलेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, “बाबा, पहले क्यों नहीं आए?” वहिनींनाही त्यानं दाखवली नव्हती. मी त्याच्या खाटेपाशी बसून खूप रागावलो. वामन हळूच म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही दोघं टीव्ही सोडून माझ्याकडंच पाहत बसले असते, देवराव... आपला रविवार गेला असता.”

सारी जिंदगी दुसऱ्यांच्या पुर्ज्यांवरचं ग्रीस पुसणाऱ्या माणसानं स्वतःवर ते असं लावून ठेवलं. आमच्या रविवारासाठी लावलं. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तेरवी झाली. काही दिवसांनी वहिनींनी बोलावलं. त्या पिल्लू मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता. “भाऊजी, पाहून घेऊ. त्यांचं अर्धं राहिलं.” वामनची वेताची खुर्ची जागेवरच होती, पाठीवर तो चौकड्यांचा शर्ट, एक बाही कापलेली. वहिनींनी तो टाकला नव्हता. त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. सुरू झालं. फाटक, मुखिया, रिकामी बंदूक, सगळं आपापल्या जागी. मग तो एक जण आला, मनगट रुमालात गुंडाळून. मैं ठीक हूँ.

मी वामनच्या आवाजाची वाट पाहिली.

“हा लपवून राहिला,” वहिनी म्हणाल्या.

मी मान वळवली. वहिनी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. बधिर बोटांचा माझा डावा हात मांडीखाली होता, आणि माझा चहा बशीत सांडला होता.

त्यांनी फडक्यानं बशी पुसली, कप परत भरला, माझ्या उजव्या बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला उठवलं, दोघं ऑटोनं नेपियर टाउनच्या दवाखान्यात गेलो, आणि डॉक्टरनं काही विचारायच्या आधी मी डावा हात टेबलावर ठेवला.