मुठीवरचा पापणीचा केस

चुलीतून एकाएकी उसळलेली ती पिवळीजर्द ज्वाळा, तिच्यापाठोपाठ कपाळावर आलेली धग, आणि मग... केस जळल्याचा तो उग्र वास! उंद्रीच्या आमच्या स्वयंपाकघराची आठवण निघाली की सारवलेल्या भुईचा, ज्वारीच्या भाकरीचा, लसणाच्या ठेच्याचा गंध मागे राहतो आणि आधी तो वासच नाकात शिरतो. कापसाची वेचणी संपली होती, शेतातून उपटून आणलेल्या पऱ्हाट्यांचे – कपाशीच्या वाळक्या झाडांचे – भारे अंगणात रचले होते, आणि त्यातल्या काही बोंडांत कापूस तसाच राहून गेला होता, हे मला फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकल्यावर कळलं. डोळे वाचले, पण आरशात पाहिलं तर दोन्ही पापण्यांचे केस साफ गेलेले, आणि लालसर कडांमधून माझेच डोळे मातीच्या बाहुलीसारखे माझ्याकडे टकामका बघत होते.

मी तेव्हा असेन नऊ-दहा वर्षांची. वैशाखात दादाचं लग्न होतं आणि करवली होते मी. नवरदेवाच्या पाठीशी तांब्या-दिवा घेऊन उभं राहायचं, अंगावर जरीकाठी परकर, साऱ्या मांडवाची नजर आपल्यावर... धाकट्या बहिणीला याहून मोठं पद ते कोणतं! नागपूरला बसून आमच्या वऱ्हाडाचा कारभार हाकणाऱ्या लाटसाहेबाशीसुद्धा मी ते बदललं नसतं.

लग्नाच्या तयारीला म्हणून खामगावहून आत्या आली, आणि मला पाहताच तिनं कपाळाला हात लावला.

"अवो वहिनी, ही अशी मांडवात उभी राह्यली तं लोक म्हनतीन, घरात डोळ्याची बिमारी हाय! त्यापरीस आमची कमल होईन करवली."

कमल ही आत्याची मुलगी, माझ्याच वयाची. तिच्या पापण्या लांब, दाट होत्या आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. आम्हा मुलींचा तेव्हा एक खेळ असे – गळलेला पापणीचा केस मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनातलं काही मागायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला की मागितलेलं मिळतं. कमल डोळे चोळचोळून केस पाडायची आणि मनसोक्त मागत बसायची. मला तर मागायचं होतं फार, पण मागायला केसच नव्हता. फार फार वाईट वाटायचं.

आत्या मनानं दुष्ट नव्हती. तोडही तिनंच काढली. तिच्या शेजारी उतरलेल्या नाटक मंडळीतल्या, स्त्रीपार्ट करणाऱ्या एका नटाकडून ती हे शिकली होती. तिनं बाभळीचा डिंक भिजवला, आपल्या वेणीच्या टोकाचे केस कातरले, माझ्या उजव्या पापणीवर ते एकेक करून चिकटवले आणि वरून काजळाची रेघ ओढली. मग आरसा समोर धरला आणि... खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले! काय तो डोळा! डावीकडे मी होते आणि उजवीकडे कोणी राजकन्या. डिंक वाळू लागला, पापणी ओढू लागली, डोळ्यातून पाणी वाहू लागलं, तरी मी आरसा सोडेना. तेवढ्यात दादा शेतातून आला, माझी हनुवटी वर करून दोन्ही डोळे नीट न्याहाळले आणि म्हणाला,

"एका डोळ्यात तू दिसून राह्यली, अन् दुसऱ्यात आत्या."

सगळे हसले, आत्यासुद्धा. मी मात्र उठले, रांजणातलं पाणी घेतलं आणि डोळा धुऊन टाकला.

"मले माह्याच पाह्यजे," मी आत्याला सांगितलं.

"अन् नाई आल्या तं?"

"तं कमल राहीन करवली."

बोलून बसले खरी, पण त्या रात्री अंथरुणात पापण्यांच्या कडा बोटानं चाचपत राहिले.

त्या दिवसापासून दिवेलागणीला आई बोटाच्या टोकावर एरंडेल घेई आणि माझ्या पापण्यांच्या कडांवरून हलकेच फिरवी. लोक डोळ्यांत तेल घालून वाट पाहिल्याचं नुसतं म्हणतात. मी ती खरोखर पाहिली. पळस फुलला, झडला... दारच्या कडुनिंबाला मोहोर आला, त्याच्या कडवट-गोड दरवळात माझ्या एरंडेलाचा चिकट वास मिसळून गेला, आणि एका सकाळी तोंड धुताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. मी ओरडतच आईकडे धावले. वैशाख उजाडेपर्यंत पापण्या आल्या. आखूड होत्या, पण काळ्याभोर, आणि माझ्या! आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कमलचा जरीचा परकर पेटीत परत ठेवला.

लग्न रोहिणखेडला, मुलीकडे. पण डिंकाची गोष्ट आमच्या बैलगाड्यांच्या आधीच तिथे पोचली होती. अक्षता पडल्या, आणि नवरीची मावशी तडक माझ्याकडे आली.

"चिपकवल्या हायेत म्हने!" असं म्हणत तिनं माझी पापणी चिमटीत धरून खस्सकन ओढली.

मी कळवळले. डोळ्यातून घळघळा पाणी आलं. मावशी आपल्या बोटावर आलेल्या एकुलत्या केसाकडे बघतच राहिली.

"अवो माय! खऱ्या हायेत वं ह्या!"

साऱ्या मांडवानं ऐकलं. आणि सर्वांच्या आधी पदर खोचून पुढे झाली ती आत्या! "खऱ्या नाई तं काय! आमच्या घरची पोरगी हाय थे!"

मी डोळे पुसले, मूठ पुढे केली आणि म्हटलं, "माहा केस द्या." हशा पिकला. मावशीनं तो माझ्या मुठीवर ठेवला.

"माग! लवकर माग काई!" कमल कानाशी कुजबुजली. मी डोळे मिटले...

आज दादा नाही, आत्या नाही. माझ्या पापण्या पांढऱ्या, विरळ झाल्या आहेत. चष्म्याशिवाय मला त्या दिसतही नाहीत. नात परवा विचारत होती, पापण्या चिकटवून घेऊ की तेल लावत बसू? मी म्हटलं, काहीही कर बाई, फक्त दोन्ही डोळ्यांत तूच दिस.

कमल मात्र मला अगदी शेवटपर्यंत विचारत राहिली – त्या दिवशी तू काय मागितलं होतं वं? तिला खरं वाटलं नाही, पण मी काहीच मागितलं नव्हतं. जे मागायचं होतं, ते माझ्या मुठीवरच होतं. मी नुसती फुंकर मारली.